शेवटच्या फेरीचं पाणी

वर्षातून एकच दिवस रामा घरी स्वयंपाक करत असे, आणि या वर्षी तोही दिवस पुतण्याने मागून घेतला.

रामा म्हणजे वरोरचा रामा, लहान्या तांडेलाच्या बोटीवरचा स्वयंपाकी. तीस वर्षं त्याने हलत्या बोटीत, हलत्या स्टोव्हवर सात-आठ खलाशांची पोटं भरली. त्याच्या हातचं कालवण खाऊन कुणी खलाशी दुसऱ्या बोटीवर गेला नाही, अशी त्याची बढाई होती, आणि ती बरीचशी खरी होती. घरी मात्र तो चुलीकडे फिरकत नसे. बाईमाणसाच्या राज्यात कशाला नाक खुपसायचं, असं तो चारचौघांत म्हणे. खरं कारण आळस होतं. ते त्याच्या बायकोला, पुतळीला, पुरतं ठाऊक होतं आणि तिने त्यावर वाद घालणं केव्हाच सोडलं होतं.

अपवाद त्या एका दिवसाचा. मे महिना सरत आला की मासेमारी बंद होते, बोटी वर घेतात, माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. लहान्याची बोट शाकारून झाली की त्या दिवशी पुतळीने विळीला हात लावायचा नाही आणि चुलीपाशी जायचं नाही. ओट्यावर पाय पसरून बसायचं आणि रामा वाढेल ते खायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची ही रीत.

त्या जेवणासाठी रामा एक खास सामान आणत असे. हंगामाच्या शेवटच्या फेरीत, जिथून किनारा दिसत नाही तिथे, तो पाच लिटरचा पांढरा कॅन समुद्रात बुडवून भरून घेई. किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं; आतलं पाणी निळं आणि नितळ. घरी आणलेला मासा त्या पाण्यात ठेवायचा, मग त्याचं कालवण करायचं, वरून चिमूटभरही मीठ घालायचं नाही. मीठ माशाच्या अंगात आपसूक शिरलेलं असे.

पुतळी ते कालवण कसं खायची! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाटायची, काट्यांत अडकलेला कणही सोडायची नाही. ताट इतकं लख्ख व्हायचं की मांजराने वास घेऊन निघून जावं. पण बोलायची नाही. रामा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राही. आता म्हणेल, मग म्हणेल. ती हात धुवायची, पदराला पुसायची आणि म्हणायची, "चला, भांडी पडलीत."

अठ्ठावीस वर्षांत 'बरा झालाय' एवढंही नाही! तिचा स्वभावच कंजूष असता तर रामाने समजून घेतलं असतं. पण शेजारच्या बायजीच्या तांदळाच्या वड्यांना ती वाहवा करायची, पुतण्याच्या बायकोच्या चहाला करायची, डहाणूच्या बाजारात घेतलेल्या भज्यांनाही करायची. फक्त रामाच्या कालवणापाशी तिची जीभ टाळ्याला चिकटायची. रामाने कधी विचारलं नाही. विचारून मिळालेलं कौतुक काय कामाचं, असं त्याला वाटे. पण दर वर्षी तो कॅन मात्र भरून आणायचा.

जतीन हा रामाच्या मोठ्या भावाचा मुलगा. आईबाप लवकर गेले, तेव्हा पुतळीने त्याला आपल्या ताटातलं भरवून मोठा केला. रामा-पुतळीला मूलबाळ नव्हतं, म्हणून तोच मुलगा. आता तो तलासरीला हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. त्या हॉटेलने गेल्या वर्षी मागच्या बाजूला स्टेकहाऊस काढलं. मांसाचा नाहीतर माशाचा जाडजूड तुकडा लोखंडी तव्यावर भाजायचा, वर लोणी सोडायचं, बाजूला बटाटा ठेवायचा आणि गाडीतून उतरलेल्या लोकांना मंद दिव्यात खायला घालायचा, असा तो प्रकार. जतीनला तिथे तव्यावर उभं केलं होतं. तेव्हापासून त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे 'शेफ म्हणतो' येत असे.

रामा शेवटच्या फेरीला निघाला होता, जाळी गाडीत टाकत होता, तेव्हा जतीन आला.

"काका, या वर्षी बोट वर आली की तू काही करायचं नाहीस. जेवण मी करणार. एकदम स्टेकहाऊस स्टाईल. डेझर्ट, वाईन, सगळं. काकीला टेबलावर बसवून वाढणार."

"टेबल कुठाय आपल्याकडे?" रामा म्हणाला.

"आणू ना. आणि तूही बस की. तीस वर्षं वाढतोयस, एकदा आयतं खा."

रामा काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर पुतळीकडे गेली. ती दारात उभी होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की रामाला आपली जाळीच हातात जड झाली. "खरा का रं?" ती जतीनला म्हणाली. "मना वाईन पाजशील?"

रामाला त्या घडीला जे खुपलं ते पुढचे चार दिवस खुपत राहिलं. बोटीवर त्याने खलाशांना दोनदा करपलेला भात घातला. कोणी काही बोललं नाही, कारण त्या बोटीवर स्वयंपाकाबद्दल बरंवाईट बोलायची पद्धतच नव्हती. लहान्या तांडेलाच्या बापापासून तसं चालत आलं होतं. जेवायचं आणि उठायचं. परत फिरायच्या आधी मात्र रामाने, भरायचं काही कारण नसताना, हट्टाने कॅन बुडवून भरला. घरी आणून तो कोपऱ्यात मांडणीखाली ठेवला. पुतळीने तो पाहिला. काही म्हणाली नाही.

ती बोलत होती ते गावभर. सुकट घालायच्या ओट्यावर बायजीला सांगत होती, "माझा जतीन मना टेबलावर बसवून जेवण घालणार हाय. चिकूची वाईन आणणार हाय बोर्डीची." बायजीने गालाला हात लावला. रामा शेजारी काथ्या वळत बसला होता. माझा जतीन! अठ्ठावीस वर्षं नवरा हिला वर्षातून एकदा राणीसारखी बसवून खाऊ घालतो, हे ती या ओट्यावर कधी कुणाला बोलली होती का? रामाने आठवून पाहिलं. एकदाही नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि हातातला काथ्या वाकडा वळला गेला.

बोट शाकारली तो दिवस उजाडला. दुपारी जतीन मोटारसायकलवरून आला. मागे त्याची बायको रुपल, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार काचेचे पेले सांभाळत. ती मसोलीची, शहराला लागून वाढलेली, पण सासरच्या सगळ्यांना धरून असणारी. जतीनने हॉटेलातून मागून आणलेला लोखंडी तवा ओट्यावर ठेवला तेव्हा ओटा वाजला. बायजीकडून प्लास्टिकचं टेबल आलं. बोर्डीची बाटली फ्रिजात गेली. झाडावर पिकलेले दहा-बारा चिकू रुपल सोलायला बसली, कारण गोडात चिकूचं पुडिंग होतं.

"काका, आता तुझं काम," जतीन म्हणाला. "दाढा तूच काप. कोयता तुझ्यासारखा कुणाला चालवता येत नाही."

दाढा रामाच्या वाट्याला आला होता. रावसासारखाच, पण त्याच्याहून थोराड मासा. रामा पाट घेऊन बसला.

"केवढा कापू?"

"दोन बोटं जाड."

"दोन बोटा? माणसाला खायाचा का बोट बांधायला ठोकळा पाहिजे?"

"स्टेक तसाच असतो, काका. शेफ म्हणतो, तुकडा पातळ झाला की आतला रस गेला."

रामाने शेफला मनात एक शिवी दिली आणि दोन बोटं जाडीचे चार तुकडे कापले. चारही एकसारखे, जणू मापाने घेतलेले. हात खोटं बोलत नाही, तो आपलं काम चोख करतो. बाकीचा रामा आत जळत होता. स्तुती जतीनने केली, "वा काका!" पण ती स्तुती कोयत्याची होती. कोयता चालवणाऱ्याला स्वयंपाकी कोण म्हणतं?

मग जतीनच्या लक्षात आलं की ज्या लोण्यावर सगळा खेळ, तेच तलासरीला राहिलं. तो आणि रुपल डहाणूला जायला निघाले. "दोन तासांत येतो. काका, तुकडे फ्रिजात ठेवशील?" पुतळी आंघोळीला गेली होती. त्यानंतर ती बायजीकडे जाऊन केस बांधून घेणार होती आणि लग्नाकार्याची जांभळी साडी नेसणार होती. जांभळी साडी! रामाच्या कालवणाला ती घरातलं जुनेर नेसून बसायची.

घरात रामा, चार तुकडे आणि मांडणीखालचा कॅन एवढेच उरले.

त्याने खूप विचार केला असं म्हणता येणार नाही. एवढंच डोक्यात आलं की पोरगा हॉटेलवाला, तो माशाला मीठ लावणारच. त्याच्या मिठाखाली आधीच माझं मीठ बसलेलं असेल. पहिला घास तोंडात गेला की सगळ्यांची तोंडं वाकडी होतील. सगळ्यांची कशाला, एकटीचं झालं तरी पुरे. जांभळी साडी नेसून बसलेल्या त्या बाईने एकदा, फक्त एकदा जतीनच्या हातच्याला नाक मुरडावं, एवढंच रामाला हवं होतं.

त्याने तुकडे पसरट पातेल्यात मांडले आणि कॅन उपडा केला. निळं पाणी आता घरातल्या उजेडात साधंच दिसत होतं. "धुतोय फक्त," तो मोठ्याने म्हणाला, ऐकायला कुणी नसताना. पातेलं झाकून फ्रिजात ठेवलं. कालवणाच्या माशाला तो तासभर ठेवी. आज पुरते पावणेदोन तास ठेवले. मग पाणी मोरीत ओतलं, तुकडे निथळून ताटात लावले, कॅन दाराआड सरकवला आणि ओट्यावर विडी पेटवून बसला. विडीला चव नव्हती.

सूर्य बुडता बुडता जतीनने तवा तापत ठेवला. तव्यातून धूर निघेपर्यंत तो थांबला. तुकडे फडक्याने टिपून कोरडे केले, वर मिरी भरडून घातली आणि एकेक तुकडा तव्यावर ठेवला. चर्र आवाज झाला, घरभर वास सुटला. लसूण आणि लोणी पडल्यावर तर बायजीची मांजर खिडकीत येऊन बसली. रामा दारात उभा राहून वाट बघत होता. मिठाची. जतीनने तुकडे उलटले. लोणी चमच्याने वरून सोडलं. बटाटे घोटले. पोरगा मिठाच्या बरणीकडे बघायलाही तयार नाही!

न राहवून रामाने विचारलं, "मीठ रे?"

"मीठ शेवटी. शेफ म्हणतो, माशाला आधी लावलं तर पाणी सुटतं आणि मासा तव्याला चिकटतो. टेबलावर वाटीत ठेवायचं, ज्याचं त्याने घ्यायचं."

रामाचं तोंड पडलं. मग त्याने स्वतःची समजूत घातली. नाही झाला खारट, तरी बिघडलेला असणारच. एवढे जाड तुकडे एवढा वेळ पाण्यात होते.

टेबलावर रुपलने धुवट चादर घातली होती. चार थाळ्या, प्रत्येकीत खरपूस तपकिरी तुकडा, बाजूला लोण्याचा बटाटा, काकडीच्या फोडी. काटे-चमचे हॉटेलातलेच. जतीनने पेल्यांत वाईन ओतली आणि पुतळीच्या पेल्याला पेला लावला. पुतळीने घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"ताडीची शिकलेली बहीण हाय," ती म्हणाली. सगळे हसले. रामा हसला नाही.

काट्याशी तिने थोडी झटापट केली, मग तो बाजूला ठेवून हाताने घास मोडला. मासा पाकळ्यापाकळ्यांनी सुटला. तिने घास तोंडात घातला आणि ती थांबली. जबडा थांबला, हात थांबला. तिने डोळे वर करून रामाकडे पाहिलं. रामाने घाईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"वा!" पुतळी म्हणाली.

रामाला ठसका लागला.

"वा रं वा! काय झालाय हा मासा! असा मासा राजाच्या घरी पण नाय मिळायचा." तिने दुसरा घास घेतला. "आतपरेंत चव गेलीय. मीठ बघ, कसा बरोबर, ना जास्त ना कमी. हाताचा गुण हाय हा, दुसरा काय नाय. खाते तरी मन भरत नाय."

ती थांबेचना. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने कालवणावर एक शब्द खर्चला नव्हता, ती आज मुठीने उधळत होती. एकेक शब्द रामाच्या कानात तापल्या तेलासारखा पडत होता. जतीनने वाटीतलं मीठ घ्यायला हात पुढे केला होता. त्याने आधी एक घास चाखला आणि हात मागे घेतला.

"काकी, खरंच गं," तो चकित होऊन म्हणाला. "हॉटेलात असा कधीच होत नाही. वरून मीठ घालतो, पण आतून फिकाच लागतो. आज काय झालं काय माहीत. हे शेफला खायला घालायला पाहिजे. शनिवारी तो मला स्वतःची डिश करायला देणार आहे, हीच करतो."

रामाने आता आपल्या थाळीतला घास घेतला. घेतला आणि त्याला कळलं. ही चव त्याच्या ओळखीची होती. वर लोणी असेल, मिरी असेल, लसूण असेल. त्या सगळ्याखाली समुद्र होता. त्याचा समुद्र, त्याच्या कॅनमधला. बिघडवायला गेलेल्या पाण्याने मासा असा घडवला होता की तीस वर्षांत त्याच्याही हातून घडला नव्हता.

'पाणी माझं आहे!' असं ओरडावंसं त्याला वाटलं. ओठापर्यंत आलंही. रुपलने मान वर करून बघितलं, "काय काका?" पण पाणी माझं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचाच: का घातलंस? कुणाला न सांगता, पोराच्या माशावर, का? रामाने चमचाभर बटाटा तोंडात कोंबला आणि ओठ मिटले. स्वतःचं कौतुक स्वतःसमोर दुसऱ्याच्या पदरात पडताना बघत बसायचं, आणि वर मान डोलवायची! असा हेवा त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि वाटला तोही स्वतःच्याच हाताचा.

गोड आलं. चिकूचं मऊ पुडिंग, त्यावर गुळाचा पाक. रुपल आशेने पुतळीकडे बघत होती. "गोड हाय, बरा हाय," पुतळी म्हणाली आणि वाटी संपवली. बटाट्याबद्दल ती काही बोलली नव्हती. पण हे काही रामाच्या ध्यानात आलं नाही. 'मन भरत नाय' एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. पोट बरं नाही म्हणून तो गोडावरून उठला.

सकाळी जतीन तवा न्यायला येणार होता. पुतळी मागच्या दारी काचेचे पेले राखुंडीने घासत बसली होती. असे पेले राखुंडीने घासायचे नसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रामा दात घासून आला, तशी ती मान वर न करता म्हणाली, "कॅन रिकामा हाय."

"सांडला."

"भुईवर सांडला का माशावर?"

रामा तांब्या हातात धरून उभा राहिला. एक कोंबडी त्याच्या पायातून गेली.

"अठ्ठावीस वरसा मी त्या पाण्यातला मासा खाते," पुतळी म्हणाली. "मना कळणार नाय? पहिल्या घासाला कळला. तुमाना बघितला, तर तुमी तांब्याआड लपलात."

आता लपायला काही नव्हतं. पण चोरी सापडलेल्या माणसाला आधी राग येतो, तसा रामालाही आला. "कळला होता तर गप का बसलीस? वर त्याची एवढी तारीफ! राजाच्या घरी नाय, मन भरत नाय..."

"त्याची कवा केली?" पुतळीने पेला खाली ठेवला. "बटाट्याला काय बोलली मी? लसणीला? त्या पोरीने एवढा चिकूचा केला, तिला तरी काय बोलली? मी माशाच्या चवीला बोलली. मिठाला बोलली. मीठ कुणाचा होता?"

रामाने रात्रीचं जेवण मनात घासाघासाने परत खाल्लं. तिचं खरं होतं.

"मग मना का नाय बोललीस कधी?" तो म्हणाला, आणि आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला. "अठ्ठावीस वरसा मी तुझ्या तोंडाकडे बघतो."

पुतळी त्याच्याकडे बघत राहिली. "इसरलात," ती म्हणाली. "खरोखर इसरलात तुमी."

मग तिने सांगितलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. पहिल्यांदा कालवण करून घातलं तेव्हा ती दोनदा म्हणाली होती, चांगला झालाय, लई चांगला झालाय. पावसाळा सरला, नारळी पुनवेला बोट निघाली आणि पहिल्याच फेरीत इंजिन बंद पडलं. बोट वाहत वाहत पार गुजरातच्या बाजूला गेली. तीन दिवस पत्ता नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. रामा उतरला तो हसत. तिला म्हणाला, "तू कालवणाला चांगला म्हणालीस ना, त्याचा हा झाला. बोटीवर कुणी म्हणत नाय, बोटीला नजर लागते, ठाऊक हाय ना? परत कधी माझ्या हातच्याला चांगला म्हणू नको."

रामाला आठवलं. वाळू आठवली, उतरताना पाय थरथरत होते तेही आठवलं, आणि ते लपवायला आपण मोठ्याने हसलो होतो हे आठवलं.

"अगं, मी मस्करी केली होती!"

"तुमी मस्करी केली," पुतळी म्हणाली. "मी तीन दिवस वाळूत बसलेली होती."

तिने दुसरा पेला घेतला, राखुंडीत बुडवला. रामा पायरीवर टेकला. 

"काल तेवढी सोय झाली," ती घासता घासता म्हणाली. "नाव जतीनचा, तवा जतीनचा, दर्या इचारणार नाय. म्हटला, अठ्ठावीस वरसांचा एकदम बोलून घ्यावा." मग जरा थांबून, "पण पोराला सांगा. शनवारी तो मासा करल, नि तसा होणार नाय. मग सोताच्या हाताला दोष देत बसल."

मोटारसायकल अंगणात वाजली. जतीन आत आला तो कालच्याच खुशीत होता. रामाने त्याला बसूही दिलं नाही. "मासा मी दर्याच्या पाण्यात ठेवला होता," तो म्हणाला. "कॅनातल्या. तू वर मीठ लावशील नि खारट होल म्हणून. वाईट व्हावा म्हणून."

 जतीनने काकीकडे बघितलं, ती पेले घासत होती. त्याच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली. तवा उचलून त्याने मोटारसायकलच्या मागे बांधला, गाठ दोनदा आवळली.

"किती वेळ ठेवला होतास?" त्याने तिकडे तोंड करूनच विचारलं.

"पावणेदोन तास. तुकडा जाड होता म्हणून चालला. पातळ असता तर गेला असता."

"पावणेदोन," जतीन स्वतःशी म्हणाला. गाडी सुरू केली आणि निघताना एवढंच बोलला, "शुक्रवारी येतो. तसं मिठाचं पाणी घरी कसं करायचं ते सांग."

धूळ बसली. पुतळीने पेले ओळीने पालथे मांडले. रामा पायरीवरून उठून तिच्यासमोर येऊन बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण बसला तो गोड मागायला बसतात तसा.

"आता बोटी बंद हायेत," तो म्हणाला. "दोन महिने कोण दर्यात जात नाय. आता एकदा बोल. नाव घेऊन बोल."

पुतळीने हात धुतले, पदराला पुसले.

"नारळी पुनवेला जाणार ना परत?"

"जाणार."

"मग नाय," पुतळी म्हणाली, आणि दाराआडचा रिकामा कॅन काढून तिने तो गोड्या पाण्याने दोनदा विसळला आणि पुढच्या वर्षासाठी उन्हात पालथा घातला.